नाकाने निवडलेला गुलाब

फुलवाल्याकडून घेतलेला लांब दांड्याचा लाल गुलाब हातात आला की माणूस नकळत तो नाकाशी नेतो. लहान मूल नेते, आजी नेते, वधूवरांच्या स्वागताला उभी असलेली करवलीही नेते. आणि बहुतेक वेळा नाकाला काहीच सापडत नाही. थोडासा हिरवट, पाल्यासारखा वास आणि शीतगृहाचा गारवा. मावळातल्या पॉलिहाउसमधून १४ फेब्रुवारीसाठी देशोदेशी जाणारी ‘ताजमहाल’ किंवा ‘टॉप सिक्रेट’सारखी फुले देखणी असतात, आठवडाभर टिकतात, पण सुगंधासाठी कुणी ती लावत नाही.

गुलाब हा शब्द मात्र मुळातच सुगंधाचा आहे. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी, म्हणून तिथे ‘गुलाब’ म्हणजे फुलाचे सुवासिक पाणी. आपल्याकडे अर्काचे हे नाव थेट फुलालाच मिळाले आणि मग अर्कासाठी ‘गुलाबपाणी’ असे पाणी पुन्हा जोडावे लागले. भावप्रकाशात गुलाबाला शतपत्री म्हटले आहे, ते पाकळ्यांवरून. रोजच्या बोलीत टिकलेले नाव गंधाचे आहे. लग्नाच्या मांडवात गुलाबदाणी फिरते, चैत्रातल्या हळदीकुंकवाला मनगटावर अत्तराचे बोट ओढले जाते, तेव्हा त्या नावाचा मूळ अर्थ अजून जिवंत असतो.

अत्तराचा एक सुंदर उल्लेख बादशहा जहांगीराच्या आत्मचरित्रात आहे. नूरजहानची आई गुलाबपाणी तयार करत असताना ताटात ओतलेल्या गरम अर्कावर पातळ साय जमू लागली. ती तिने थोडी थोडी करून गोळा केली, आणि तिला ‘इत्र-ए-जहांगिरी’ हे नाव मिळाले. ही साय किती मोलाची, हे एका आकड्यावरून कळते. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण चार टन पाकळ्या लागतात. उत्तर प्रदेशातल्या हसायनकडचा चैती गुलाब म्हणूनच सूर्य वर येण्याआधी खुडतात. ऊन चढले की पाकळ्यांतले तेल उडू लागते. कनौजला तांब्याच्या डेगेत पाकळ्या शिजवून त्यांची वाफ भपका नावाच्या भांड्यातल्या चंदनतेलात मुरवण्याची रीत आजही सुरू आहे.

मग हा गंध गेला कुठे?

युरोपातले जुने गुलाब वासाचे होते, पण त्यांतले बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. चीनमधून आलेल्या गुलाबांनी वारंवार फुलण्याचा गुण दिला. या दोन घराण्यांच्या मिश्रणातून १८६७ मध्ये फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ हा गुलाब आला, आणि हायब्रिड टी या वर्गाची सुरुवात त्याच्यापासून मानतात. ‘ला फ्रान्स’ स्वतः उत्तम सुवासिक होता. म्हणजे संकराने सुगंध मारला, हा सर्रास केला जाणारा आरोप खरा नाही. सुगंध हरवला तो पुढे, फुलांचा बाजार मोठा झाला तेव्हा. दांडा लांब हवा, कळी घट्ट हवी, पेटीत घालून विमानाने पाठवली तरी पाकळी दुखावता कामा नये, अशी कसोटी लागली. पिढ्यानपिढ्या निवड डोळ्यांनी झाली. नाकाला त्या निवडीत मतच नव्हते.

याचा जैविक धागा २०१५ मध्ये फ्रेंच संशोधकांना सापडला. त्यांनी वासाचा ‘पापा मेयां’ आणि जवळपास बिनवासाचा ‘रूज मेयां’ हे दोन गुलाब शेजारी ठेवून तपासले. फरक निघाला एका विकराचा, त्याचे नाव न्यूडएक्स-१. या कुळातली विकरे जिवाणूंमध्ये पेशीतला बिघडलेला माल साफ करण्याचे, म्हणजे जवळजवळ झाडलोटीचे काम करतात. गुलाबाने त्याच कुळातल्या एकाला जिरॅनिऑल या सुगंधी द्रव्याच्या घडणीत जुंपले आहे. बिनवासाच्या फुलात या विकराचे काम जवळपास थंडावलेले असते. गुलाबाच्या वासात जिरॅनिऑलखेरीज सिट्रोनेलॉल, नेरॉल अशी इतरही पुष्कळ द्रव्ये असतात. डॅमॅसेनोन तर तेलात एक टक्काही नसते, पण त्याच्यावाचून गुलाब ओळखू येणार नाही. फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यात विरघळते, म्हणून गुलाबपाण्याचा वास गुलाबतेलापेक्षा वेगळा आणि मवाळ लागतो.

बाजाराला टिकाऊ फूल हवे, हे समजण्यासारखे आहे. पण गच्चीवरच्या आठ कुंड्यांतल्या फुलांना विमानात बसायचे नाही. घरच्या बागेत बाजारातल्या लांब दांड्याच्या डच गुलाबाची नक्कल करत बसणे म्हणजे हातची संधी घालवणे आहे.

महाराष्ट्रातल्या घरासाठी पहिला मान गावठी गुलाबाचा. ज्याला आपण देशी किंवा गावठी म्हणतो, त्यातला बराचसा एडवर्ड गुलाब आहे आणि तोही परदेशातूनच आलेला. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, ज्याला तेव्हा बूरबाँ म्हणत, शेताच्या कुंपणाला दोन प्रकारचे गुलाब लावत. एक दमास्क घराण्यातला, दुसरा चिनी. त्यांचा आपोआप संकर झाला. १८१७ च्या सुमारास तो एका फ्रेंच उद्यानतज्ज्ञाच्या नजरेत भरला. दमास्ककडून त्याला वास मिळाला आणि चिनी पूर्वजाकडून पुन्हा पुन्हा फुलण्याची खोड. शुद्ध दमास्कला थंडी लागते. दख्खनच्या उन्हात एडवर्ड जास्त सुखाने नांदतो. फूल गुलाबी, विस्कटलेले, दुपारपर्यंत मान टाकणारे. प्रदर्शनात त्याला कुणी विचारणार नाही, पण सकाळी सातला त्याच्याजवळ उभे राहिले की बाकीच्या कुंड्या विसरायला होतात. पेन्सिलीएवढ्या जाड काडीपासून तो सहज लागतो.

कलमी गुलाबांतही वासाचे घराणे आहे. जर्मनीतला १९३५ चा ‘क्रिमसन ग्लोरी’ हा १९६३ च्या ‘पापा मेयां’चा पणजोबा. दोघेही गडद लाल, मखमली आणि गोड, भारदस्त वासाचे. १९७७ चा ‘डबल डिलाइट’ साईच्या रंगाचा, ऊन लागेल तशी कडेने लाली चढणारा, मसालेदार गंधाचा. आपल्याकडे गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणारे आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल गुलाबाचेही मोठे पैदासकार होते. त्यांचा ‘रोझ शरबत’ नावाप्रमाणेच वासाचा आहे. कोडाईकनालला विरू आणि गिरिजा वीरराघवन या दांपत्याने मणिपूरकडचा रोझा जायगँशिया आणि पाणथळ जागी वाढणारा रोझा क्लिनोफायला हे भारतातले रानगुलाब वापरून उष्ण हवेला साजणारे वाण घडवले. हे काम आपल्या बागप्रेमींना आणखी माहीत व्हायला हवे.

लागवडीचे शास्त्र अवघड नाही, पण लक्ष मागते. गुलाबाला निदान सहा तास ऊन हवे आणि त्यात सकाळचे सर्वांत मोलाचे. कुंडी बारा इंचांहून लहान नको आणि पाणी साचता कामा नये. कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवावा. सांध्याखालून जोमदार, निराळ्या पानांचा फुटवा आला तर तो खुंटाचा असतो. त्याला माया दाखवली तर वर्षभरात खुंट उरतो आणि गुलाब जातो. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी करावी. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप घ्यावा आणि त्यावर बोर्डो पेस्ट लावावी, नाहीतर शेंडेमर खाली उतरत येते. छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी पहिला बहर येतो. त्या काळात माती कोरडी पडू दिली तर फूल येते, पण त्यात वास कमी भरतो. नत्राचा मारा केला तर पाला माजतो. शेणखत आणि निंबोळी पेंड यांवर घरचा गुलाब समाधानी असतो. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडतात, तेव्हा गळलेली पाने वेचून टाकणे हाच अर्धा उपाय.

आणि गुलकंद? तो बाजारच्या हारातल्या फुलांचा करू नये, कारण त्यांच्यावर काय फवारले आहे ते कळायला मार्ग नसतो. घरच्या, औषध न मारलेल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या आणि खडीसाखर यांचे थर बरणीत भरायचे, तोंडाला फडके बांधायचे आणि बरणी उन्हात ठेवून रोज हलवायची. तीन-चार आठवड्यांत पाकळी साखरेत विरते. चैत्राच्या उन्हात दुधाबरोबर घेतलेला असा चमचाभर गुलकंद विकतच्या डब्यात मिळत नाही.

फूल हुंगायची वेळही ठरलेली आहे. अर्धे उमललेले, सकाळचे, दव सुकत आलेले असताना. दुपारी तेच फूल मुके वाटते, आणि त्यावरून रोपाला नावे ठेवली जातात.

लागवडीच्या हंगामात रोपवाटिकेत जायचे तर सकाळी लवकर जावे, फुलावर असलेलेच रोप मागावे, पाटीवरचे नाव नंतर वाचावे आणि आधी वाकून वास घ्यावा. वास नसेल तर रंग कितीही भुरळ घालणारा असो, ती कुंडी खाली ठेवून पुढच्या रांगेकडे वळावे.