भुकेचे संप्रेरक आणि निकामी झालेली पीयूषिका

सातारा-सांगलीकडे उसाच्या फडात घोणस चावलेला माणूस उपचाराने वाचतो; पण काहींचा थकवा पुढे महिनोन्‌महिने जात नाही. बाळंतपणात फार रक्त गेलेल्या काही बायकांचेही तसेच होते. अंगावर दूध येत नाही, पाळी परतत नाही, सतत थंडी वाजते. घरचे म्हणतात, "अशक्तपणा आहे." खरे कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीत असू शकते. बाळंतपणानंतरच्या या आजाराचे वर्णन इंग्लंडच्या डॉ. शीहान यांनी १९३७ साली केले. घोणसीच्या विषानेही ही ग्रंथी निकामी होऊ शकते.

पीयूषिका थकली की वृद्धी संप्रेरक कमी पडते. मग मोठ्या माणसातही स्नायू घटतात आणि पोटावर चरबी साठते. भुकेचा यात काय संबंध?

रिकाम्या जठरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक रक्तात येते. जपानच्या कोजिमा व कांगावा यांनी ते १९९९ साली शोधले. ते भूक लावते आणि पीयूषिकेला वृद्धी संप्रेरक सोडायला लावते. म्हणून घ्रेलिनचा चयापचयावरील परिणाम पीयूषिकेमार्फतच होत असेल, असे वाटणे साहजिक होते.

डेन्मार्कच्या डॉक्टरांनी हे तपासले. पीयूषिका निकामी असलेल्या आणि वृद्धी संप्रेरक व हायड्रोकॉर्टिसोन बाहेरून घेणाऱ्या आठ पुरुषांना त्यांनी शिरेतून घ्रेलिन दिले. २००८ साली निष्कर्ष आले. रक्तातील स्निग्धाम्ले वाढली आणि इन्सुलिन असूनही स्नायू साखर कमी घेऊ लागले. म्हणजे घ्रेलिन पीयूषिकेच्या मदतीशिवायही चरबी आणि साखरेवर काम करते. मात्र हा काही तासांचा प्रयोग होता. त्यावरून घ्रेलिनचे औषध निघालेले नाही.

आपण यातून काय घ्यावे? पीयूषिकेच्या रुग्णाचे वजन आणि साखर बिघडली तर त्याला आळशी म्हणू नये. वजन, कंबर, साखर आणि कोलेस्टेरॉल वेळोवेळी तपासून घ्यावे. जेवणाच्या वेळा पाळाव्यात, उपास टाळावेत. कॉर्टिसॉल कमी असेल तर साखर एकदम उतरू शकते.

सर्वांत महत्त्वाचे: हायड्रोकॉर्टिसोनची गोळी "आता बरे वाटते" म्हणून कधीही बंद करू नये. तापात डोस किती वाढवायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल, तर तातडीने दवाखाना गाठावा.

वर सांगितलेली लक्षणे घरात कुणाला असतील, तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात दाखवावे. सर्पदंश किंवा बाळंतपणातील रक्तस्राव डॉक्टरांना आवर्जून सांगावा, मग तो दहा वर्षांपूर्वीचा का असेना. तपासाची दिशा त्या एका माहितीने बदलते.