दही, डुकरे आणि उंदीर

गेल्या हिवाळ्यात बिलोलीला आमच्या धाकट्याला न्यूमोनिया झाला. विषाणूचा, असे डॉक्टर म्हणाले. आईने त्याच्या ताटातली दह्याची वाटी उचलली. "दह्यानं कफ वाढतो," म्हणाली. मी मराठीचा मास्तर. काळजीपोटी जंतूंची पुस्तके चाळू लागलो.

अमेरिकेत शोप या संशोधकाने १९३१ साली डुकरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. नुसता विषाणू दिला, तर आजार सौम्य. नुसता जंतू दिला, तर काहीच नाही. दोन्ही मिळून दिले, तेव्हा डुकरे गंभीर आजारी! मुंबईमार्गे शिरलेल्या १९१८ च्या इन्फ्लुएंझातही पुष्कळ माणसे विषाणूमागून आलेल्या जंतूंनीच नेली. वाचून छातीत धस्स झाले.

पण वाचकहो, सगळेच जंतू चोरांचे साथीदार नसतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या नाकात आधी लॅक्टोबॅसिलस सोडले, म्हणजे दह्याच्याच गोत्रातले जंतू. मग न्यूमोनियाचा मारक विषाणू दिला, तरी उंदीर वाचले! मेलेले जंतूही चालले. विषाणूवर चवताळून शरीर आपलीच फुप्फुसे जाळते, तो संताप त्यांनी आवरला होता.

हे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितले.

"मग काय लेकराच्या नाकात दही घालू?"

मी गप्प. वाटी परत आली ती तो खडखडीत बरा झाल्यावरच.