वऱ्हाडातून अलिबागला निघालात? मग आधी कालनिर्णय उघडा!

अमरावतीहून संध्याकाळी अंबा एक्सप्रेस पकडायची, रात्री अकोला मागे टाकायचं, सकाळी मुंबईत उतरायचं आणि गेटवेवरून बोटीने मांडवा गाठायचं. तिथून पुढे रस्त्याने अलिबाग. साडेसहाशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून समुद्र दिसला की कुणालाही राहवत नाही. बॅगा हॉटेलवर टाकायच्या आणि थेट पाण्यात!

इथेच चूक होते. विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला पाण्याची काय भीती? पण विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं नसतं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी अलिबागच्याच रायगड जिल्ह्यात, मुरुडच्या किनाऱ्यावर, पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले होते.

भरती-ओहोटी म्हणजे नेमकं काय?

चंद्र आणि सूर्याच्या ओढीमुळे समुद्राचं पाणी चढतं आणि उतरतं. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोजची वेळ जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल सकाळी नऊला जिथे वाळू होती, तिथे चार दिवसांनी त्याच वेळेला पाणी असू शकतं.

वेळ कशी काढायची?

कोकणातल्या लोकांचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारीही आणि पहाटेही. त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. हा अंदाज आहे, पक्की वेळ स्थानिक कोळ्यांना विचारा किंवा भरतीचं वेळापत्रक पाहा.

कुलाबा किल्ल्याला कधी जावं?

शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला हा किल्ला भर समुद्रात आहे. पूर्ण ओहोटीला मात्र तिथे चालत जाता येतं.

अमावास्या-पौर्णिमेला पाणी खूप आत हटतं, पण तितक्याच जोरात परतही येतं. शिवाय त्या दिवशी ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास असते. संध्याकाळी गेलात तर परतताना अंधार आणि चढतं पाणी, दोन्ही एकदम गाठतात. अष्टमीच्या सुमारास ओहोटी दुपारी असते, पण पाणी फारसं हटत नाही. म्हणून तृतीया-चतुर्थीची सकाळ बरी. पाणी उतरत असतानाच निघा आणि चढायला लागण्याआधी किनाऱ्यावर परत या. उशीर झालाच, तर पाण्यात उतरू नका. किल्ल्यातच थांबा आणि मदत मागा.

पोहता येऊनही माणूस का बुडतो?

लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जाताना कधी कधी एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं. याला रिप करंट म्हणतात. गंमत म्हणजे तिथे लाटा कमी फुटतात, त्यामुळे नवख्याला तीच जागा शांत वाटते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे पोहण्यासाठी झटापट करू नका, त्यात दम संपतो. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करून मदत मागा आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडा. बाहेरच्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावं आणि ११२ ला फोन करावा.

आणि हो, पावसाळ्यात गेटवेहून सुटणाऱ्या साध्या बोटी बंद असतात. त्या दिवसांत समुद्र लांबूनच पाहावा. तेव्हा आपलं चिखलदरा आहेच की!