‘हिमकडा’ नव्हे, पायाखालचा थर

‘हिमकडा कोसळला’ ही वर्तमानपत्री शब्दयोजना आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की वरून कडा तुटून खाली येतो असेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. हिमालयात स्कीइंगला जाणाऱ्यासाठी हे चित्र फसवे आहे. स्कीपटूंच्या बहुतेक जीवघेण्या अपघातांत पायाखालचाच बर्फ सुटतो, आणि तो सुटतो त्यांच्या किंवा सोबत्याच्या वजनाने.

मोंढ्यात तुरीची रास ओतली, की तिचा उतार ठरावीक मर्यादेपर्यंतच चढतो; पुढचे दाणे घरंगळतात. ताजा, सुटा बर्फ असाच घसरतो. अधिक घातक प्रकार थराचा. प्रत्येक हिमवृष्टीचा वेगळा थर बसतो. बर्फ पातळ आणि हवा कडाक्याची थंड असली, की तळाच्या तुलनेने उबदार भागातून वाफ वर जाते आणि तिथले कण साखरेसारखे सुटे होतात. त्यावर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर बसला, म्हणजे तिरप्या फळीवर साखर पसरून वर फरशी ठेवल्यासारखे झाले. एका माणसाच्या भाराने भेग पसरते आणि अख्खी फरशी निसटते.

हे बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर घडते. स्कीइंगची खरी रंगतही तिथेच असते. गुलमर्ग परिसरात फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू हिमस्खलनात दगावले. नुकतीच झालेली मोठी हिमवृष्टी, जोराचा वारा, एकाएकी वाढलेली ऊब, पायाखाली ‘धप्प’ असा आवाज, पावलापासून पळणारी भेग या धोक्याच्या खुणा होत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ढिगाऱ्याकडे आधी धावले ते वाचलेले गावकरीच. बर्फात हा नियम अधिक कठोर आहे. गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर निघाला, तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर गुदमरून आशा मावळते. बाहेरचे पथक तेवढ्यात क्वचितच पोहोचते. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे-टिपणारे शोधयंत्र, पाठीवर लांब सळई आणि फावडे हवे. धोक्याचा उतार एकेकट्याने ओलांडावा; बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवावी.

नांदेड-लातूरहून निघणाऱ्या तरुणाने पैसे भरण्याआधी आयोजकाला तीन प्रश्न विचारावेत: उतार कोण तपासतो? ताज्या हिमवृष्टीनंतर बेत रद्द होतो का? शोधसाहित्य प्रत्येकाला मिळते का, आणि ते वापरायचा सराव करून घेतात का? उत्तरे गुळमुळीत आली, तर त्या सहलीला न जाणेच शहाणपणाचे.