प्रभागाची सीमा आणि रहिवाशांची हरकत

महापालिका निवडणुकीआधी प्रारूप प्रभागरचना जाहीर होते आणि तिच्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात. प्रभागांची लोकसंख्या साधारण सारखी ठेवायची असते. सरासरीपेक्षा 10 टक्के कमी-जास्त चालते. मुंबईत असे 227 प्रभाग आहेत. 2025 च्या रचनेलाही आधार 2011 च्या जनगणनेचाच होता, आणि दरम्यान उपनगरं किती वाढली हे आपण पाहतोच. सीमा नदी, नाला, रेल्वेमार्ग, मोठा रस्ता धरून आखावी, वस्ती शक्यतो फोडू नये, अशी अपेक्षा असते. रहिवाशांची तक्रार नेमकी इथेच असते: बाजार एक, शाळा एक, तुंबणारं गटार एक, मग प्रभाग दोन कशाला? तक्रार रास्तच आहे. पण नुसतं ‘अन्याय झाला’ लिहून भागत नाही. पर्यायी सीमा नकाशावर दाखवा, हरकत मुदतीत लेखी द्या आणि सुनावणीला जरूर जा.