लघवी लाल का झाली?

काल रात्री बिटाची कोशिंबीर दोनदा वाढून घेतली आणि आज सकाळी बघता तर काय, लघवी गुलाबी! घाबरू नका. बिटात बेटानिन नावाचा रंग असतो. काही जणांच्या शरीरात तो पुरता मोडत नाही आणि थेट लघवीत उतरतो. क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिन या औषधानेही लघवी नारिंगी-तांबडी होते.

पण कधीकधी तो रंग खरंच रक्ताचा असतो. मग रक्त तिथे शिरलं कुठून?

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. मोठ्या माणसाच्या शरीरात त्या दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा शरीर परत घेतं आणि उरते ती दीडेक लिटर लघवी! या गाळणीतून पाणी, क्षार, युरिया सहज जातात. रक्तातल्या तांबड्या पेशी मात्र अडतात. गाळणीला सूज आली की त्या निसटतात. घशाला जंतुसंसर्ग होऊन गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी काही मुलांना असा त्रास होतो. तेव्हा लघवी कोऱ्या चहासारखी दिसते, सकाळी डोळ्यांभोवती सूज येते. गाळणीच्या पुढच्या वाटेवर मूतखडा घासला, जंतुसंसर्ग झाला किंवा कंबरेवर जोराचा मार बसला, तरी रक्त येऊ शकतं.

डॉक्टर हे शोधतात कसं? आधी लघवीत एक छोटी पट्टी बुडवतात. रक्त असेल तर तिच्यावरचा पिवळा चौकोन हिरवा होतो. मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. तांबड्या पेशी दिसल्या की रक्ताची खात्री पटते. त्या गोल, सुबक असतील तर रक्त बहुधा पुढच्या वाटेवरचं. वेड्यावाकड्या असतील तर त्या गाळणीतून पिळवटून आलेल्या. खडा आहे का, हे सोनोग्राफीत दिसतं.

सूक्ष्मदर्शकाची खरी कमाल दिसली ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात. तिथल्या काही लोकांच्या लघवीतून रक्त जात होतं. लघवी तपासली तर तिच्यात एका टोकाला काटा असलेली अंडी! ती होती रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या एका कृमीची. या जातीच्या कृमींची पिल्लं गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमध्ये वाढतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी १९५२ साली हा शोध प्रसिद्ध केला. लघवीच्या एका थेंबाने केवढं कोडं उलगडलं!

म्हणून दोस्तांनो, लघवी लाल किंवा तपकिरी दिसली तर त्याच दिवशी घरी सांगा, काही दुखत नसलं तरीही. बीट खाल्लं होतं का, ताप आला होता का, कुठे पडलात का, तेही आठवून सांगा. कारण बिटाचं की रक्ताचं, हे डॉक्टरांना ठरवू द्या. यात लाजण्यासारखं काहीच नाही.