पेडलच्या तळाशी असलेली पायरी

काही ऑटोमॅटिक गाड्यांचा एक्सिलरेटर दाबत गेलं, की अगदी शेवटी पाय अडतो. आणखी जोर लावला की ‘टक्’ होऊन पेडल थोडं आणखी खाली जातं. ही पायरी मुद्दाम ठेवलेली असते. तिला ‘किकडाऊन’ म्हणतात. पायरी ओलांडताच गिअरबॉक्स त्या वेगाला चालेल असा सर्वांत खालचा गिअर टाकतो, इंजिनाचे फेरे वाढतात आणि ओव्हरटेकला लागणारी ताकद मिळते.

जुन्या गाड्यांत हा निरोप केबल किंवा विजेचा स्विच पोहोचवत असे. आता पेडलखाली सेन्सर असतो; पाय किती दाबला हे संगणकाला तसंही कळतं. तरीही स्प्रिंगची ती अडवणूक पुष्कळ कंपन्यांनी टिकवली आहे, आणि ते योग्यच आहे. चालकाची नजर रस्त्यावर हवी. पूर्ण ताकद कुठे सुरू होते हे पायालाच कळलेलं बरं. वेगमर्यादा लावलेल्या अनेक गाड्यांत ती मर्यादा तात्पुरती मोडायलाही हीच पायरी ओलांडावी लागते. चुकून दाबलं आणि ठरवून दाबलं, यातला फरक गाडीला तिथे समजतो.

मर्सिडीजच्या काही प्लग-इन हायब्रिड गाड्यांत तर पेडल मोटरच्या मदतीने मधेच अडतं: याच्या पुढे दाबलंत तर पेट्रोल इंजिन सुरू होईल.